रिकामा काटा

मनिराम एसटीतून उतरला तेव्हा तुलाराम मापाऱ्याचा एक दात आधीच भुईवर पडलेला होता. सिहोऱ्याच्या अलीकडे पुंडलिकराव पाटलांची राइस मिल, तिच्या अंगणात काट्याची शेड, आणि शेडच्या एका लाकडी खांबाला म्हातारा तुलाराम बैलाच्या दाव्यानं करकचून बांधलेला. तोंडातून रक्ताची लाळ गळून सदऱ्याची छाती भिजली होती. भोवती धानाच्या बंड्या उभ्या होत्या. पोती बंड्यांत तशीच होती, बैल सोडून दिलेले होते आणि बंड्यांच्या कडेचे दांडके, त्या उभाऱ्या, मात्र उपसून माणसांनी हातात घेतल्या होत्या. उभारी हातात घेतलेला शेतकरी धान विकायला आलेला नसतो, एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

मनिराम इंजिनिअर नव्हताच, डिप्लोमावाला होता. घर तळ्यावर मासोळी धरणाऱ्यांचं. आई रेवताबाई सिहोऱ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. पोरगा मात्र नागपूरला एका लहानशा कंपनीत इलेक्ट्रॉनिक काटे बनवायला लागला होता, आणि सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला पाटलांच्या मिलवरचा हा काटा त्यानंच बसवून दिला होता. दिवाळी झाली, लवकर येणारं हलकं धान निघालं, आणि पाटलांचा कंपनीत फोन आला, की तुमच्या काट्यापायी लोक माझी मिल जाळतील, माणूस पाठवा. मालकानं मनिरामलाच धाडलं, कारण तो तिकडचा. आपल्या मुलखाची माणसं आपल्याला मारत नाहीत, असा नागपूरकरांचा एक गोड गैरसमज असतो.

"आला! मशीनवाला आला!" कोणीतरी ओरडलं आणि गर्दी त्याच्याकडे वळली.

पुढं होता टेकचंद. शेती बेताची, आवाज दांडगा, आणि हातात मिलचीच लोखंडी पहार, सब्बल. त्याची पाच पोती होती. घरी जुन्या तराजूवर तोलून आणली, आणि ह्या नव्या काट्यावर एक पोतंभर कमी भरली, म्हणून त्यानं ती विकली नाहीत, बंडीतच ठेवली. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलंच चुकलं. मग शेजारच्याचं तसंच झालं, मग त्याच्या शेजारच्याचं. ज्याची पोती ढीगभर त्याला एक पोतं गेल्याचं कळतही नाही. धान ओलं होतं, सुकलं, उंदरानं खाल्लं म्हणून तो गप्प बसतो. ज्याची पाचच पोती, त्याचा घास जातो. म्हणून त्या अंगणात एकही मोठा शेतकरी नव्हता, सगळे बारके होते, आणि बारक्या माणसाचा राग मोठा असतो.

पुंडलिकराव ऑफिसच्या ओसरीवर दोन लाठीवाले लठैत पुढ्यात घेऊन उभे होते. कधी नव्हे ते हात जोडलेले. लोक सकाळी त्यांच्यावरच चालून आले होते, तेव्हा ते एवढंच बोलले होते, "काट्यावर मापारी बसते, बाप्पा. म्या बटनाले हात नाई लावत. काय इचाराचं ते त्याले इचारा." आणि लोकांनी त्याला विचारलं, बुक्क्यांनी. ज्याचा जन्म ह्या मिलच्या काट्यावर गेला त्या म्हाताऱ्याला पाटलानं एका वाक्यात कुत्र्यांपुढं टाकलं. असल्या माणसाला आपण वाकून रामराम घालतो, धन्य आपली.

"बाबाजीले सोडा आधी," मनिराम म्हणाला. "म्हातारा मानूस हाय."

"सोडतो ना," टेकचंद म्हणाला. "तू फक्त खरं सांग. ह्या मशीनमंदी काय भरलं तुमी?"

आता ह्या मशीनचं थोडं सांगितलं पाहिजे. काट्याचा सगळा जीव एका चिपमध्ये होता. बोटाएवढी लांब, गोमेसारखी दोन्ही अंगांनी पायच पाय, पाठीवर काचेची टिकली आणि टिकलीवर कागद चिकटवलेला. बटन दाबलं की काय करायचं, वजन कसं वाचायचं, बेरीज कशी धरायची, हे सगळं मनिरामनं लिहून त्या चिपमध्ये भरलेलं. कंपनीचा आधीचा काटा इतवारीतल्या एका भामट्यानं विकत घेतला होता. त्यानं चिप उपसली, वाचायच्या यंत्रात घातली, आतला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतला आणि तोच काटा स्वतःच्या नावानं विकायला काढला. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणून ह्या वेळी कुलूपवाली चिप आणली. तिच्यात प्रोग्राम भरायचा आणि शेवटी कुलूप लावायचं. मग ती काम करते, पण आतलं एक अक्षर बाहेरच्याला वाचू देत नाही. कुलूप काढायचं तर टिकलीवरचा कागद काढून चिप एका खास जांभळ्या दिव्याखाली ठेवावी लागते. त्या उजेडानं कुलूप जातं, आणि त्याबरोबर प्रोग्रामही पुसला जातो. घर जाळल्याशिवाय दार उघडत नाही, असा मामला.

आणि दसऱ्याला नारळ फोडल्यावर मनिरामनं ह्याच अंगणात, ह्याच लोकांपुढं छाती फुगवून सांगितलं होतं, "आता कोनीच गडबड करू शकत नाई. आत कुलूप हाय. पाटलालेही आतलं वाचता येनार नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या फार वाईट.

"तूच बोलला होता ना गा, आत कुलूप हाय म्हणून?" टेकचंदनं सब्बल भुईवर आपटली. "मंग उघड. वाच आमच्यासमोर. चोरी आत हाय का बाहेर, पाहून घेऊ."

"टेकचंदभाऊ, त्या कुलपाले चाबी नाई."

"काय बोलला?"

"चाबीच नसते त्याले."

गर्दी एक पाऊल पुढं सरकली. मग टेकचंद हळूच म्हणाला, "चाबी नाई असं कुलूप कोन लावते बे? कुलूप तूच लावलं ना?"

"मीच लावलं."

"आन तुलेच उघडता येत नाई?"

"नाई."

चूक शब्दाची होती. आपल्याकडं कुलूप म्हटलं की चाबी आली, आणि चाबी म्हटली की ती कोणाच्या तरी कनवटीला आली. 'ही चिप मुकी आहे' असं तो दसऱ्याला म्हणाला असता, तर लोकांना पटलंही असतं. मुक्याला कोणी बोल म्हणून मारत नाही. पण कुलूप लावून चाबी नाही म्हणणारा माणूस खोटारडाच असतो, हे त्या अंगणात सगळ्यांना एकाच वेळी कळलं. पहिली थप्पड टेकचंदची. दुसरी कोणाची ते दिसलं नाही. मग एक उभारी त्याच्या बरगड्यांवर बसली आणि तो गुडघ्यांवर आला. ब्रीफकेस मात्र त्यानं सोडली नाही.

"थांबा!" तो ओरडला. "वाचून दाखवतो. तुमीच पाहा."

ब्रीफकेसमध्ये चिप वाचायचं यंत्र होतं. ते कशाला आणलं होतं, देव जाणे. बहुतेक रिकाम्या हातानं जायला नको म्हणून. त्यानं पाटलांच्या ऑफिसातून वायर ओढून घेतली, काट्याचा डबा उघडला, चिप उपसून यंत्राच्या खाचेत बसवली. यंत्रावर दोन लाल इंग्रजी अक्षरं उमटली. एफ आणि एफ. त्यानं पुढचं घर दाबलं. एफ एफ. त्याच्या पुढचं. एफ एफ. कितीही पुढं गेलं तरी तेच. कुलूपबंद चिप त्या यंत्राला एवढंच उत्तर देते, हे त्याला पाठ होतं. ते दाखवलं म्हणजे लोकांना पटेल, असं त्याला वाटलं होतं. शहाणा माणूस कधीकधी फार मूर्ख असतो.

"एफ एफ म्हंजे काय गा?" मागून एक जण.

"फोकट फोकट!" दुसरा म्हणाला, आणि अख्खी गर्दी हसली.

हसणारी गर्दी शांत झाली असं ज्याला वाटतं त्यानं गर्दी पाहिलेलीच नाही. हसू ओसरायच्या आत टेकचंद गरजला, "कोरी करून टाकली! आमच्या डोळ्यादेखत पुसली हरामखोरानं!" आणि लाथ आली. मनिरामनं तेवढ्यात चिप उपसून मुठीत घेतली म्हणून ती वाचली. यंत्र दगडावर आपटून फुटलं. कोणीतरी पोती उचलायचा हमालाचा आकडा घेतला आणि खांबाला बांधलेल्या तुलारामच्या खांद्यात रोवला. म्हातारा ओरडला. बैल बिचकून मागं सरले. आकडा उपसला तेव्हा त्याच्या टोकाला सदऱ्याची चिंधी लोंबत होती, आणि ते पाहून काही जणांना शरम वाटायच्या ऐवजी चेव आला.

"मारू नोका!" मनिराम म्हणाला. "चिप चांगली हाय. मी बसवून देतो, तोलून पाहा."

ही गोष्ट टेकचंदला पटली. डोकं तापलेलं असलं तरी तो खुळा नव्हता. "हेच करू," तो म्हणाला. "म्हाताऱ्याले सोडा. रोज जसा तोलते तसाच तोलू द्या. हात कुठं मारते ते मी पाहतो." पाटलानं आजवर असं तोलून पाहू दिलं नव्हतं. आज पाटलाला कोणी विचारलं नाही.

दावं सोडलं. तुलाराम खाली बसला, मग खांबाला धरून उठला. मनिरामनं चिप परत डब्यात बसवली, डबा चालू केला, लाल आकड्यांचं शून्य दिसलं. नत्थू हमालानं टेकचंदच्याच बंडीतली पाच पोती आणून शेडपाशी रचली. टेकचंदनं हमालांच्या चुलीतला कोळसा उचलला आणि भिंतीजवळ उभा राहिला. प्रत्येक पोत्याचं वजन तो भिंतीवर लिहिणार होता.

"तोल," तो म्हणाला.

तुलारामनं तोंडातलं रक्त थुंकलं. धानापुढं थुंकलो म्हणून स्वतःलाच दटावल्यासारखं करून त्यानं धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले. नत्थूनं पहिलं पोतं काट्यावर ठेवलं. म्हाताऱ्यानं पोत्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, फुटल्या तोंडानं म्हणाला, "लाभ," आणि बटन दाबलं.

आणि मनिरामला समजलं.

मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, मग तीन. आणि मापारी रिकामा काटा कधी तोलत नाही, कारण रिकामा काटा तोलला की ज्याचं धान त्याची कोठी रिकामी राहते. हे धानवाल्यांच्या पोराटोरांना ठाऊक असतं. मनिराम मासोळीवाल्यांचा. आधी रिकामी टोपली काट्यावर ठेवल्याशिवाय त्याच्या आईनं मासोळी कधी तोलली नव्हती. "आधी रिकामी ठेव, मंग भर," हे त्यानं दुधाबरोबर प्यायलेलं. म्हणून प्रोग्राम लिहिताना त्यानं क्षणभरही विचार केला नाही. पहिलं बटन रिकाम्या काट्यावर. त्यानं मागच्या शेतकऱ्याची बेरीज पुसायची, पाटी कोरी करायची. मोजायला सुरुवात दुसऱ्या बटनापासून. दसऱ्याला त्यानं स्वतः तोलून दाखवलं तेव्हा बेरीज बरोबर आली होती. मग तुलारामला तो म्हणाला होता, "बाबाजी, पयल्यांदा बटन दाबलं का हिशोब सुरू होते." म्हातारा म्हणाला होता, "समजलं बाप्पा." दोघांनाही समजलं होतं. दोघांना वेगवेगळं.

पोत्याचं वजन समोर लाल अक्षरांत झळकत होतं, टेकचंद ते भिंतीवर लिहीत होता, आणि काटा ते बेरजेत धरत नव्हता. प्रत्येक शेतकऱ्याचा लाभ काट्यानं गिळला होता.

आता बोल, मनिराम. आत्ता. त्याचं त्यालाच हे ऐकू आलं. पण त्याच वेळी त्याला टेकचंदचा हात दिसला, सब्बलवरचा. आकड्याला लोंबणारी चिंधी दिसली. चूक माझी, असं म्हणायचं, आणि मग? ह्या लोकांना चूक नको होती, चोर हवा होता. म्हातारा खांबाला होता तेव्हा मी बाहेर होतो. बोललो की मी खांबाला. नोकरी जाईल, नाव जाईल, आई बाजारात कशी बसेल. हा सगळा विचार त्यानं पोती तोलली जात असताना केला. माणूस भीतीपोटी फार भराभर विचार करतो.

"दोन," तुलाराम म्हणाला. "तीन."

नत्थू पोती चढवत होता, उतरवत होता. म्हाताऱ्याचा हात चुकत नव्हता. शेवटचं पोतं उतरलं. तुलारामनं बेरजेचं बटन दाबलं. टेकचंदनं भिंतीवरच्या आकड्यांची बेरीज केली, मग काट्यावरची पाहिली. काट्यावर बरोबर एक पोतं कमी होतं.

"पाहिलं!" टेकचंद ओरडला. "पाहिलं सगळ्यांनी! आमच्या समोर खाल्लं!"

तुलाराम आकड्यांकडं पाहत राहिला. त्यालाही काही कळत नव्हतं. "म्या काई नाई केलं गा," तो म्हणाला. "देवाशपथ. पोरा, सांग ना तू..." आणि त्यानं मनिरामकडे पाहिलं.

मनिरामनं नजर काट्याच्या डब्यावर नेली.

सब्बल वर गेली आणि खाली आली. नारळ दगडावर बसावा तसा आवाज झाला. तुलाराम आधी बसला आणि मग आडवा झाला, काट्याच्या कडेवर डोकं, आणि रक्त काट्याच्या लोखंडी पाटावर पसरत गेलं. समोरच्या लाल आकड्यांनी लगेच ते वजनही दाखवलं. बायका नव्हत्या म्हणून किंकाळी उठली नाही, एवढंच.

टेकचंदचं भान सुटलं होतं. "आता हे पन!" म्हणून तो काट्याच्या डब्याकडे वळला, सब्बल पुन्हा वर गेली. आणि मग मनिराम उठला. मग. त्यानं डब्यावर अंग टाकलं, उजवा हात पुढं केला आणि ओरडला, "नोको! फोडू नोको! याच्यातच हाय सगळं!" सब्बल त्याच्या हातावर बसली. बोटं डब्याच्या पत्र्यात आणि लोखंडात चिरडली, हाडं मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. डबा एका बाजूनं चेपला, पण आकडे विझले नाहीत.

माणसासाठी तो हलला नव्हता. यंत्रासाठी हलला. गर्दीतल्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही, सगळं इतकं पटापट झालं. त्यांना फक्त एवढंच दिसलं, की मशीनवाला पोरगा आडवा पडला आणि त्यानं हात दिला.

"बाबाजीनं चोरलं नाई," मनिराम ओरडत होता. आता त्याला थांबताच येत नव्हतं. "कोनी नाई चोरलं! चूक माही हाय! पयल्या बटनाले हे मशीन मोजतच नाई! रिकाम्या काट्यावर दाबा एकदा, मंग पोते ठेवा! दाबून पाहा! मंग मारा मले!"

टेकचंदचा हात थांबला. "रिकाम्यावर?"

"हो. रिकाम्यावर एकदा दाब."

टेकचंदनं काट्याकडे पाहिलं. दोघांनी तुलारामला पाटावरून ओढून बाजूला घेतलं होतं. तो अजून श्वास घेत होता, घरघरत. पाट रिकामा झाला. टेकचंद पुढं झाला नाही. "नत्थू, तू दाब," तो म्हणाला.

"म्या नाई दाबत," नत्थू म्हणाला. "रिकामा काटा नसते तोलत."

"तू दाब," टेकचंद दुसऱ्याला म्हणाला. तो मागं सरला. तिसऱ्यानं मान हलवली. माणसाचं डोकं फोडायला ज्यांचे हात कचरले नव्हते, त्यांतला एकही हात त्या बटनापर्यंत जाईना. पाच पोत्यांचा धनी टेकचंद, ज्याची कोठी रिकामी होईल तो, त्याला घाम फुटला. आणि खाली पडलेला तुलाराम, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलवत होता. नत्थू त्याच्या तोंडाशी वाकला.

"काय बोलते?"

"नोको म्हणते," नत्थू म्हणाला. "रिकामा नोको तोलू म्हणते. टेकचंदच्या घरी बरकत नाई राहनार म्हणते."

तेव्हा काही जण रडू लागले.

मनिराम उठला. उजवा हात मनगटापासून लोंबत होता. डाव्या हातानं त्यानं रिकाम्या काट्यावर बटन दाबलं. "ठेव," तो नत्थूला म्हणाला. नत्थूनं पहिलं पोतं ठेवलं. कोणी काही म्हणालं नाही, ना लाभ, ना एक. तीच पोती, तीच भिंत, कोळशाचे तेच आकडे. शेवटी मनिरामनं बेरीज दाबली. काट्यावरची आणि भिंतीवरची बेरीज सारखी आली.

टेकचंदच्या हातातून सब्बल गळाली. तो भिंतीला पाठ लावून बसला आणि त्यानं आपल्या तळहातांकडं पाहिलं.

एवढ्यात ओसरीवर धावपळ झाली. पाटील मागच्या दारानं निघाले होते. कोणाला तरी एकदम सुचलं, की काट्यानं नाही मोजलं, पण पोती तर आत गेली. मग ती आहेत कुठं? गोदामाचं दार फोडलं. आतल्या थप्प्या पावत्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. मुनीम हात जोडून बोलता झाला, की हे पाटलांना पहिल्या आठवड्यातच समजलं होतं, आणि ते म्हणाले होते, यंदा बरकत हाय, तोंड बंद ठेव. मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. लठैत पळाले. मागच्या दाराशी गाठलेल्या पाटलांना ओढून आणलं, त्याच उभाऱ्यांनी त्यांचा जबडा आणि दोन्ही पाय मोडले, आणि कोंड्याच्या ढिगाला आग लागली. सिहोऱ्याहून पोलीस आले तेव्हा धूर रस्त्यापर्यंत पोहोचला होता.

तुलारामला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तुमसरला नेलं. तुमसर आलं, पण त्याच्या आधीच तो गेला.

मनिरामला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. तीन बोटं काढावी लागली. टेकचंद आणि आणखी काही जण तुरुंगात गेले होते. बाकीचे जे बाहेर होते ते पाळीपाळीनं भेटायला यायचे, केळी आणायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, की पोरगा आडवा पडला म्हणून खरं कळलं, नाही तर म्हातारा चोर म्हणून मेला असता. पोलिसांपुढंही त्यानं सांगितलं होतं, की सब्बल बसली त्या धक्क्यात आपल्याला चूक लक्षात आली. ते लिहून घेतलं गेलं. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आई उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवायची आणि शेजारच्या खाटेवाल्यांना सांगायची, की माह्या पोरानं लोकांसाठी हात देला.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाई आली. तुलारामची बायको. मोकळं कपाळ, पांढरं लुगडं, हातात स्टीलचा डबा. रेवताबाई तिला पाहून उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. चंद्रभागाबाईनं स्टुलावर बसून डबा उघडला. भात, लाखोरीचं वरण, उडदाचे वडे.

"तेरवीले तू येऊ नाई शकला," ती म्हणाली. "जे मरनाऱ्याच्या पाठीशी उभे राहतेत त्यायनं तेरवीचा घास खावा लागते. मारनाऱ्यायच्या घरी म्या सांगावा नाई धाडला. तुह्यासाठी आनला."

मनिरामनं डाव्या हातानं डबा घ्यायला हात पुढं केला.

"एक इचाराचं होतं," ती म्हणाली. "रागानं नाई इचारत. मले रात्री झोप नाई येत म्हणून इचारतो. नत्थू सांगते का, माह्या मालकानं तुह्याकडं पाहिलं होतं. पोरा सांग ना, म्हणले होते. तवा तुले चूक समजली होती, का मंग समजली?"

मनिरामचा हात तसाच राहिला. 'मंग' एवढा एक शब्द पुरला असता. तो शब्द पोलिसांच्या कागदावर होता, आईच्या तोंडी होता, गावोगाव झाला होता. ह्या बाईलाही तोच हवा असावा. तो शब्द तिला मिळाला असता तर ती घरी जाऊन झोपली असती.

"तवाच," तो म्हणाला. "पयल्या पोत्याले समजली होती."

"मंग बोलला काहून नाई?"

"भेव लागला, बाई."

तिनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. दोन्ही हातांनी डब्याचं झाकण लावलं, दाबून बसवलं आणि उठली. शेजारच्या खाटेवर लाखांदूरकडचा कोणी एक म्हातारा होता, त्याला भेटायला कोणीच येत नसे. डबा तिनं त्याच्यापुढं ठेवला.

"खा जी," ती म्हणाली. "माह्या मालकाच्या तेरवीचं हाय."

आणि ती रेवताबाईच्या अंगावरून बाहेर निघून गेली. त्या म्हाताऱ्यानं डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि तो जेवायला लागला.